पूररेषा आणि गांवचा नकाशा

सावित्रीच्या खोऱ्यांतील पूर सरकारी दप्तरांत बहुधा एकाच वाटेनें शिरतो, आणि ती वाट म्हणजे पंचनाम्याची. पाणी येऊन जातें, भाताचीं खाचरें गाळानें भरतात, बांध फुटतात, गुरें वाहून जातात. मग तलाठी (ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व शेतकी खात्याचा माणूस शेतावर येतात, पंच सह्या करतात आणि नुकसानीचा आंकडा तहसील कचेरींत दाखल होतो. प्रस्तुत लेखकाची महसूल खात्यांतील नोकरी असले कागद लिहिण्यांत, तपासण्यांत व जुळविण्यांत गेली. त्या अनुभवावरून एक गोष्ट वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. पंचनामा हा झालेल्या नुकसानीचा कागद आहे. येणाऱ्या नुकसानीचा कागद निराळा असतो, आणि तोहि सरकार तयार करीत असतें. पूररेषा, इशारा-पातळी आणि आपत्ति व्यवस्थापन आराखडा हे ते कागद होत. त्यांची आम्हां जमीनधारकांस फारच थोडी ओळख असते. ज्याच्या शेतावरून रेषा जाते त्यालाच ती ठाऊक नसावी, हें बरें नव्हे. सबब सरकार पुराचा अंदाज कसा बांधतें, त्या अंदाजांत आपल्या खोऱ्यापुरतें काय कमी पडतें, आणि तें भरून काढण्यास शेतकऱ्यानें काय करावें, याचा विचार येथें केला आहे.

नदीचा स्वभाव

सावित्रीचा उगम महाबळेश्वरीं. ज्या क्षेत्रीं तिचा उगम मानतात तेथेंच कृष्णा, कोयना, वेण्णा व गायत्री यांचाहि मानतात. परंतु कृष्णा पूर्वेस वळून दख्खनचें सारें पठार ओलांडते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेकडे कडा उतरते, पोलादपूर व महाड या तालुक्यांतून जाते, आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. तिचा सगळा प्रवास सुमारें शंभर किलोमीटरांचा आहे. उगमाकडील हजार मीटरांहून अधिक उतरण पहिल्या थोड्या अंतरांतच संपते आणि महाडापासून पुढें नदी जवळजवळ सपाटीवरून चालते. महाडाजवळ तिला गांधारी मिळते, आणि त्याखालीं दासगांवच्या बाजूस रायगडाकडून येणारी काळ नदी मिळते. खाडीचें भरतीचें पाणी वर चढत येतें तें याच टापूंत. जुन्या काळीं गलबतें त्या पाण्यावरून महाडाच्या बंदरापर्यंत येत असत.

तात्पर्य, महाड म्हणजे घाटाचें पाणी व समुद्राचें पाणी यांच्या गांठीचें ठिकाण होय. वरून येणारें पाणी धांवत येतें, खालीं जाणारें पाणी चालत जातें, आणि उधाणाच्या भरतींत तें चालणेंहि मंदावतें. वरच्या अंगास पूर अडवून धरील असें मोठें धरणहि सावित्रीवर नाहीं. त्यामुळें देशावरील नद्यांप्रमाणें धरणांतून किती पाणी सोडलें यावरून आधीं एक दिवस अंदाज करण्याची सोय येथें नाहीं. घाटांत पाऊस कोसळला कीं कांहीं तासांतच तो महाडाच्या वेशीवर येऊन उभा राहतो.

ताजा पुरावा २०२१ सालचा आहे. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथील एका दिवसाच्या नोंदींत हा उच्चांक ठरला. मिलिमीटरांची कल्पना शेतकऱ्यास चटकन् येत नाहीं, म्हणून एकराच्या हिशेबानें सांगतों : ५९४ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारें चोवीस लाख लिटर पाणी. तें जिरावयास जागा कोठें? आषाढांतील जमीन आधींच तुडुंब असते, डोंगराचा उतार उभा असतो, आणि सगळें पाणी ओढ्यांवाटे नदींत येतें. त्याच वेळीं गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. महाडाच्या बाजारपेठेंत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलें, वीज व मोबाईल बंद पडले, रस्ते तुटले. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं, आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि जीवितहानि झाली. वाटा बंद असल्यामुळें तळियेस मदतीचीं पथकें पोहोंचलीं तीं दुसऱ्या दिवशीं.

पाऊस आणि पाणी यांचें मोजमाप

पुराचा अंदाज तीन पायऱ्यांनीं होतो. पहिली पायरी पावसाची. भारतीय हवामान खातें चोवीस तासांच्या पावसाचे वर्ग करतें : ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर हा जोरदार, ११५.६ ते २०४.४ पर्यंतचा अति जोरदार, आणि त्यावरील तो अत्यंत जोरदार पाऊस. इशारा देतांना हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा असे चार रंग वापरतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, आणि तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. हा इशारा बहुधा सबंध जिल्ह्यास उद्देशून असतो. परंतु अलिबागचा किनारा आणि पोलादपूरचा घाटमाथा एकाच जिल्ह्यांत असले तरी त्यांचा पाऊस एक नसतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरी पायरी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची. मदतीच्या कामीं एका मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि धरण्याचा प्रघात आहे. देशावर, जेथें वर्षाचा पाऊस पांच-सहाशें मिलिमीटर, तेथें हें माप योग्यच आहे. कोंकणांत मात्र ६५ मिलिमीटर म्हणजे आषाढांतील एक साधा दिवस होय. त्या दिवशीं लावणी सुद्धां थांबत नाहीं. म्हणून आपल्याकडे अतिवृष्टीची नोंद झाली एवढ्यावरून पूर येईल कीं नाहीं, याचा कांहींच उलगडा होत नाहीं.

तिसरी पायरी नदीच्या पातळीची. महाडास सावित्रीची इशारा-पातळी ६.०० मीटर आणि धोका-पातळी ६.५० मीटर धरलेली आहे. इशारा आणि धोका यांत अंतर अर्ध्या मीटराचें, म्हणजे जवळजवळ एक हात. संथ नदीस एक हात चढावयास दिवस लागेल. जी नदी घाटांतून एकदम उतरते तिला तेवढा वेळ लागत नाहीं. यास्तव महाडाच्या मापपट्टीकडे पाहून सावध होणारा मनुष्य बहुधा उशिरां सावध होतो. खरा इशारा पोलादपुराच्या वर, घाटांत पडणाऱ्या पावसांत असतो. तेथील दर तासाचा पाऊस खालच्या गांवांस दर तासास कळला पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां घेतलेली चोवीस तासांची बेरीज दप्तरास उपयोगी पडते, परंतु रात्रीं गोठ्यांतून गुरें सोडणाऱ्या शेतकऱ्यास तिचा उपयोग नाहीं.

पूररेषा कशी आंखतात

आतां रेषेकडे वळूं. अभियंता प्रथम नदीच्या पाणलोट क्षेत्राचें मोजमाप करतो. त्या क्षेत्रांतील पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन, अमुक पाऊस अमुक तासांत पडला तर नदींतून सेकंदास किती पाणी वाहील, याचा हिशेब मांडतो. मग नदीचे ठिकठिकाणीं आडवे छेद घेतात, म्हणजे या कांठापासून त्या कांठापर्यंत पात्राची रुंदी व खोली मोजतात. तितकें पाणी तेवढ्या पात्रांतून जातांना कोठपर्यंत चढेल ती पातळी काढतात आणि जमिनीच्या उंचसखलपणाशीं ताडून नकाशावर उतरवितात. हीच पूररेषा.

महाराष्ट्रांत पाटबंधारे खात्याच्या १९८९ सालच्या परिपत्रकापासून अशा दोन रेषा मानतात. निळी रेषा म्हणजे सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाण्याची, यांपैकीं जी मोठी ती. लाल रेषा म्हणजे सरासरीनें शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. धरणाच्या खालीं ती आंखतांना धरणाच्या सांडव्याचा विसर्गहि धरतात. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा प्रतिबंधित होय. तेथें बांधकाम करावयाचें नाहीं, मात्र शेती, बागा, मैदानें यांस मोकळीक आहे. निळी व लाल यांमधील पट्टा नियंत्रित होय. तेथें अटी पाळून बांधकाम करतां येतें.

ही रेषा शेतकऱ्याची शेती हिरावून घेते, असा समज गांवोगांवीं आढळतो. तो खरा नाहीं. निळ्या रेषेच्या आंत भात लावण्यास कोणाचीच हरकत नाहीं. जो मनुष्य ती जमीन भराव घालून, प्लॉट पाडून विकूं पाहतो त्याच्या आड मात्र ती रेषा येते. कित्येकांची नाराजी खरी तेवढ्यासाठींच असते.

‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनींहि पुष्कळ घोटाळा झाला आहे. २०२१ सालीं मोठा पूर येऊन गेला, तेव्हां आतां शंभर वर्षें चिंता नाहीं, असें बोलणारीं माणसें लेखकानें ऐकलीं आहेत. गणितज्ञाचा अर्थ तसा नाहीं. दर वर्षीं असा पूर येण्याचा संभव शंभरांत एक, एवढाच त्याचा अर्थ. काल येऊन गेला म्हणून उद्यां तो संभव घटत नाहीं. नाणें एकदां छापा पडलें म्हणून पुढच्या खेपेस कांटाच पडावा असें बंधन नाण्यावर नसतें, तसेंच हें आहे. जमीनधारक सावकाराचा हिशेब जाणतो, म्हणून तसाच मांडतों. तीस वर्षांच्या काळांत लाल रेषेपर्यंत पाणी एकदां तरी येण्याचा संभव शंभरांत सव्वीस. पंचवीस वर्षांच्या काळांत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदां तरी येण्याचा संभव शंभरांत चौसष्ट. मुलाच्या नांवें घर बांधतांना असा हिशेब समोर असला तर त्या पट्ट्यांत जोतें घालण्याचें धाडस कोण करील?

सरकारी आराखडा

२६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें किनाऱ्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच सुमारास महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळून फार मोठी प्राणहानि झाली. त्या सालच्या डिसेंबरांत आपत्ति व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा झाला. त्या अन्वयें देशांत पंतप्रधान, राज्यांत मुख्यमंत्री आणि जिल्ह्यांत जिल्हाधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरणें असतात. जिल्हा प्राधिकरणांत स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधि सहअध्यक्ष असतो. जिल्ह्याचा आराखडा करून त्याचा दर वर्षीं आढावा घेणें व तो सुधारणें, हें कायद्यानें बंधनकारक आहे. पूर्वीं दुष्काळ व पूर यांस मदत देणें एवढेंच सरकारचें कर्तव्य समजलें जाई. आतां धोका आधीं ओळखून तो कमी करणें हेंहि कर्तव्यांत मोडतें. २०२१ च्या पुरानंतर राज्य मंत्रिमंडळानें ३ ऑगस्ट २०२१ रोजीं ११,५०० कोटि रुपयांच्या तरतुदीस मंजुरी दिली. त्यांतील १,५०० कोटि तातडीच्या मदतीस, ३,००० कोटि पुनर्बांधणीस आणि ७,००० कोटि पुढील धोका कमी करण्याच्या कामांस होते. हें प्रमाण ध्यानांत घेण्यासारखें आहे. महाडापुरतें बोलावयाचें तर सावित्री व गांधारी यांच्या पात्रांतील गाळ आणि मध्यें वाढलेलीं बेटें काढण्याचें काम त्यानंतर हातीं घेण्यांत आलें.

अंदाजांत काय कमी पडतें

एवढी तजवीज असतां उणीव कोठें राहते, याचा शोध रेषेच्या हिशेबांतच घेतला पाहिजे. त्या हिशेबांत तीन आंकडे घालावे लागतात : वरून पाऊस किती येईल, पात्र किती पाणी वाहून नेईल, आणि खालीं पाण्यास वाट कशी मिळेल. तिन्ही आंकडे आपल्या खोऱ्यांत बदलत आहेत.

पावसाच्या जुन्या नोंदींवर बांधलेला हिशेब ५९४ मिलिमीटरांसारखा नवा आंकडा येतांच मागें पडतो. काल शंभर वर्षांचा म्हणून धरलेला पूर आज कदाचित् पन्नास वर्षांचा ठरेल. म्हणून रेषा एकदां आंखून कायमची झाली असें न मानतां ती ठराविक मुदतीनें पुन्हां मोजली पाहिजे.

पात्राचें तसेंच. घाटांतून दर पावसाळ्यांत माती येते, दरडी कोसळल्या कीं ती अनेक पटींनीं येते, आणि सपाटी लागतांच नदी तें ओझें खालीं टाकते. आज गाळ काढला तरी पुढील पावसाळा नवा गाळ आणणारच. सबब गाळ काढणें हें घराच्या शाकारणीसारखें दर वर्षाचें काम समजलें पाहिजे. पात्राचे आडवे छेदहि पावसाळ्याच्या आधीं व नंतर घेऊन त्यांची नोंद ठेवली पाहिजे. पात्राबाहेरचा भराव हें त्याहून अवघड प्रकरण. नदीकांठचीं सखल खाचरें पुराचें पाणी पोटांत घेत असतात. तेथें मुरूम टाकून चार-पांच हात उंची वाढविली कीं जेवढी जागा मातीनें घेतली तेवढें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत जातें. एकानें घातलेला भराव दिसत नाहीं, शंभरांनीं घातलेला दिसतो, आणि तो दिसतो तो पुराच्या रात्रीं. या कामीं दोष केवळ परक्यावर टाकून चालणार नाहीं. भरावाच्या जमिनी बहुतेक आम्हीं जमीनधारकांनींच विकलेल्या असतात.

खालच्या वाटेचा प्रश्न दुहेरी आहे. एक बाजू भरतीची. कोंकणांतील कोळी, खलाशी व खारबंदिस्तीचे शेतकरी यांस उधाण आणि भांग यांचा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची अदमासें वेळ निघते : चतुर्दशीस साडेदहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. खाडीच्या आंत ती त्याहून उशिरां पोहोंचते. २२ जुलै २०२१ हा आषाढ शुद्धांतील शेवटच्या दिवसांपैकीं होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महामार्गावरील सावित्रीचा १९२८ सालचा दगडी पूल पुरांत कोसळून दोन एस. टी. गाड्यांसह अनेक माणसें वाहून गेलीं, तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. उलट २६ जुलै २००५ रोजीं पौर्णिमा उलटून पांच दिवस झाले होते. तेव्हां उधाणानेंच पूर येतो असें म्हणतां येत नाहीं. उधाण असलें म्हणजे आलेला पूर लवकर उतरत नाहीं, एवढें मात्र निश्चित समजावें. घाटांतील पावसाचा इशारा आणि भरतीचें वेळापत्रक हीं दोन्हीं एकाच कागदावर आलीं तर गांवकऱ्यास त्यांचा खरा उपयोग होईल.

दुसरी बाजू पुलांची व रस्त्यांची. दासगांवानजीक कोंकण रेल्वेच्या मार्गाचा भराव नदीच्या वाटेंत येतो, तेथें भरावाऐवजीं अधिक गाळ्यांचा मोकळा पूल असावा, अशी महाडकरांची पुष्कळ दिवसांची मागणी आहे. त्या भरावामुळें पाणी नेमकें किती चढतें हें हिशेबानें ठरावयाचें आहे. परंतु रेल्वे, महामार्ग, खाजगी वाट, कोणताहि भराव सपाट पूरक्षेत्रांत घालण्यापूर्वीं त्याच्या वरच्या अंगास पाणी किती वाढेल, हा आंकडा लोकांपुढें ठेवणें, हा नियम सर्वांस सारखाच लागू असावा.

याशिवाय एक उणीव हिशेबाची नसून कारभाराची आहे. नदी एक, पण तिच्या कांठीं अधिकार अनेकांचा. महाड शहरांत नगरपरिषद, पोलादपुरांत नगरपंचायत, खेड्यांत ग्रामपंचायत, रस्त्यावर महामार्गाचें खातें, रुळांवर रेल्वे, आणि बिरवाडीकडील औद्योगिक वसाहतींत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. वसाहतीच्या हद्दींत नियोजनाचा अधिकार त्या महामंडळाचाच असतो. प्रत्येकानें आपापल्या हद्दीचा नकाशा चोख ठेवला तरी पाणी हद्द पाळीत नाहीं. वसाहतींत रासायनिक कारखाने पुष्कळ आहेत. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ सालच्या नियमांनीं कारखान्याच्या आंतील अपघातासाठीं कारखान्यानें आणि बाहेरच्या परिणामांसाठीं जिल्हा प्रशासनानें योजना करावयाची असते. पुराचा आराखडा आणि रसायनांचा आराखडा हे दोन निरनिराळ्या फाइलींत राहिले, तर पुराचें पाणी साठवणीच्या पिंपांपर्यंत चढल्यावर खालच्या शेतांचें व विहिरींचें काय करावयाचें, हें कोणत्याच फाइलींत सांपडणार नाहीं. दोन्ही आराखडे एकत्र ठेवून पाहणें अवश्य आहे.

यादीवर विसंबून राहण्यांतहि धोका आहे. खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींत नव्हती, असें तेव्हां सरकारकडूनच सांगण्यांत आलें. यादींत नांव नाहीं म्हणजे धोका नाहीं, असा अर्थ कोणीं करूं नये. डोंगरास नवी भेग पडणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा आटणें, झाडें व खांब कलणें, हीं चिन्हें गांवकऱ्यांस आधीं दिसतात. तीं त्याच दिवशीं तहसीलदाराच्या कानीं गेलीं पाहिजेत.

परदेशांतील एक उदाहरण

हॉलंड देश समुद्राशीं व नद्यांशीं झुंजण्यांत अग्रेसर समजला जातो. १९९३ व १९९५ सालीं तेथें ऱ्हाईन व म्यूज या नद्यांस मोठे पूर आले. १९९५ सालीं सुमारें अडीच लक्ष लोकांस घरें सोडावीं लागलीं. त्यानंतर तेथील सरकारनें बंधारे अधिकाधिक उंच करीत जाण्याचें धोरण बदलून नदीस जागा देण्याचें धोरण स्वीकारलें. बंधारे मागें घेतले, सखल पट्टे मोकळे केले. ओव्हरडीप नांवाच्या भागांत तर शेतकऱ्यांनीं स्वतःच योजना सुचविली. घरें व गोठे उंचवट्यावर न्यावे, आणि मोठ्या पुराच्या वेळीं शेतें पाण्यास मोकळीं करावीं. ज्यांस राहावयाचें नव्हतें त्यांनीं मोबदला घेऊन जागा सोडली, बाकीच्यांचीं घरें उंचवट्यांवर गेलीं. आपला देश, आपला पाऊस व आपली ऐपत निराळी आहे, हें खरें. परंतु नकाशा निश्चित होण्याच्या आधींच शेतकरी त्या कामांत शिरले, एवढा धडा आपणांस घेण्यासारखा आहे.

जमीनधारकानें काय करावें

आतां कृतीकडे वळूं. पहिली गोष्ट अशी कीं, पूररेषा गांवच्या नकाशावर, गट नंबरवार, मागावी. जिल्ह्याच्या मोठ्या नकाशावरील निळी रेघ पाहून कोणाचें शेत आंत व कोणाचें बाहेर हें समजत नाहीं. ग्रामसभेनें ठराव करून जलसंपदा खातें, जिल्हाधिकारी व भूमि अभिलेख कचेरी यांजकडे लेखी मागणी करावी. रेषा आंखलेली असल्यास तिची प्रत चावडींत लावावी, नसल्यास केव्हां आंखणार हें विचारावें. रेषा चुकीची वाटल्यास नुसती ओरड न करतां पुराव्यासह हरकत घ्यावी.

तो पुरावा कोठून येणार? ही दुसरी गोष्ट. गांवांत जुन्या माणसांस कोणत्या सालीं पाणी कोणाच्या ओटीस लागलें हें ठाऊक असतें, पण तें त्यांच्याबरोबरच जातें. प्रत्येक गांवानें एक पूरवही ठेवावी. तींत तारीख, तिथि, पाणी चढूं लागल्याची व उतरूं लागल्याची वेळ, गट नंबर, आणि शाळा, देऊळ किंवा पूल अशा पक्क्या ठिकाणीं रंगानें केलेल्या खुणेची जमिनीपासून उंची, एवढें लिहावें. सही दोन जाणत्या माणसांची घ्यावी. अशा पांच-दहा गांवांच्या वह्या जमल्या तर अभियंत्यास आपला हिशेब ताडून पाहण्यास त्याहून उत्तम साधन मिळणार नाहीं. दप्तरांत तोंडी सांगण्यास किंमत नसते. तारीख व सही असलेल्या साध्या वहीस असते.

तिसरी गोष्ट भरावाची. निळ्या रेषेच्या आंतील खाचर विकतांना तें शेतीसाठींच विकावें, आणि शेजारीं कोणी परवानगीवांचून भराव घालीत असल्यास तो पडत असतांनाच लेखी कळवावें. टाकलेला मुरूम काढविण्यास वर्षें जातात. ओढ्यानाल्यांच्या कांठचीं झाडें राखावीं. बांध घालतांना ओढ्याची रुंदी खाऊन जमीन वाढविण्याचा मोह टाळावा.

चौथी गोष्ट घरची तयारी. भाताचा राब सखल जागीं न करतां शक्य तेवढा उंचवट्यावर करावा, आणि लावणीनंतर थोडीं रोपें राखून ठेवावीं, म्हणजे पुरानें वाहून गेलेल्या खाचरांत पुन्हां लावणी करतां येते. बियाणें, खत व कागदपत्रें माळ्यावर असावीं. तांबडा इशारा आणि उधाण एकत्र आलें त्या रात्रीं गुरें दाव्यास बांधून ठेवूं नयेत. वीज व मोबाईल बंद पडतील असें धरूनच गांवानें घंटा, भोंगा किंवा दवंडी यांची व्यवस्था ठरवावी आणि कोणत्या वाडीनें कोणत्या उंच जागीं जावयाचें हें पावसाळ्यापूर्वीं एकदां चालून पाहावें.

पांचवी गोष्ट कागदांची. पूर आल्यावर मदत मिळते ती नोंदींवर मिळते. केंद्र सरकारनें २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीं ठरविलेल्या मानकांत तेहतीस टक्के किंवा अधिक पीक गेल्यास कोरडवाहू पिकास हेक्टरीं ८,५०० रुपये धरले होते. शेतांत तीन इंचांहून अधिक वाळू-गाळ सांचल्यास तो काढण्यास हेक्टरीं १८,००० रुपये, आणि दरडीनें किंवा नदीनें पात्र बदलल्यामुळें जमिनीचा मोठा भाग गेल्यास हेक्टरीं ४७,००० रुपये होते. जमिनीसंबंधीचें हें साह्य अल्प व अत्यल्प भूधारकांपुरतें होतें, आणि महसुली दप्तरांत मालकी सिद्ध असणें अवश्य होतें. येथेंच अनेकांचें अडतें. सातबारावर मयत वडिलांचेंच नांव, वाटणी तोंडी, पीकपाहणी कोरी. अशा कागदांवर कचेरींतील कारकुनास इच्छा असूनहि कांहीं करतां येत नाहीं. वारसनोंद व पीकपाहणी उन्हाळ्यांत किंवा हंगामाच्या आरंभीं करून घ्यावी. आणि हे आंकडे पाहून हेंहि समजावें कीं, वाहून गेलेलें शेत सरकारी मदतीनें परत येत नाहीं. हेक्टरीं ४७,००० रुपयांत सावित्रीच्या कांठीं मळईची एक गुंठा जमीनहि पुन्हां तयार करतां येणार नाहीं.

म्हणून सर्व भिस्त पंचनाम्यावर ठेवणें धोक्याचें. अभियंत्याजवळ गणित आहे, हवामान खात्याजवळ उपकरणें आहेत, कचेरीजवळ कायदा आहे. पण कोणत्या बांधावरून पाणी प्रथम शिरतें हें ज्याचा तो बांध त्यालाच ठाऊक. हें ज्ञान लिहून, सही करून, वेळेवर दप्तरांत दाखल झालें तरच रेषा खरी उतरेल. पावसाळा संपतांच, पाण्याच्या खुणा भिंतीवर ताज्या आहेत तोंच, प्रत्येक गांवानें या कामास आरंभ करावा.